बदली मंजूर

प्रज्वल लांजेवारच्या डाव्या टाचेत सहाशे चाळीस उड्या उरल्या आहेत, हे जगात सगळ्यात आधी मला कळलं. अर्ध्या तासात मी ते आणखी चार जणांना कळवलं. माझी नोकरीच तशी होती.

प्रज्वल म्हणजे नागपूर झुंजार या बास्केटबॉल संघाचा सेंटर, बास्केटखाली उभा राहणारा सगळ्यात उंच गडी. वय अडतीस, उंची सहा फूट आठ इंच, आणि एकाच संघात चौदा वर्षं. मी केतकी ढोमणे, त्याच संघाची शास्त्रज्ञ. आम्ही दोघं एकाच वस्तीतले, एकाच वयाचे. नवव्या वर्षी आम्ही एकाच दिवशी वस्तीतल्या सिमेंटच्या कोर्टवर पहिल्यांदा उतरलो. त्याला त्याच्या मामानं आणलं होतं आणि मला माझ्या हट्टानं. सतराव्या वर्षी माझा गुडघा गेला आणि मी भौतिकशास्त्राकडे वळले. तो उंच होत गेला, त्याला कुठे वळायची गरज पडली नाही. अख्ख्या संघासाठी मी ढोमणे मॅडम होते. प्रज्वल मात्र भर कोर्टवर, सगळ्यांच्या देखत, "ए केतू" अशी हाक मारायचा आणि नव्या मुलांना त्याची फार मजा वाटायची.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. टाचेच्या वर, मागच्या बाजूला, चिमटीत धरता येते ती जाड शीर म्हणजे कंडरा. पोटरीचा सगळा जोर तीच टाचेला पोचवते. ती सुंभाच्या दोरासारखी असते, हजारो बारीक तंतू एकमेकांत पिळलेले. माणूस जोरानं उडी मारतो तेव्हा त्यातले काही तंतू तुटतात. तरुणपणी शरीर विश्रांतीच्या वेळात ते पुन्हा विणून टाकतं. पस्तिशीनंतर विणणं मागे पडत जातं.

तंतू तुटताना आवाज होतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, कारण तो फारच चढ्या सुरातला असतो. पुलांच्या तारांचे आणि मोठमोठ्या टाक्यांचे असे आवाज इंजिनियर लोक कित्येक वर्षं ऐकत आले आहेत. मी तेच कसब घोट्यावर आणलं. दोन बोटं रुंदीची एक पट्टी, मोज्याच्या आत बसणारी. प्रत्येक उडीला किती तंतू गेले आणि कोणत्या सुरात गेले, ते ती ऐकते. सूर खाली उतरू लागला की समजायचं, आता एकेक तंतू जात नाही, जुडगेच्या जुडगे जात आहेत. त्यावरून ती सांगते, पूर्ण जोराच्या अजून किती उड्या शिल्लक आहेत. तीन वर्षांत लीगमध्ये अकरा खेळाडूंच्या कंडरा तुटल्या. त्यातल्या दहांच्या बाबतीत माझा आकडा शंभरात दहाच्या फरकाच्या आत बरोबर निघाला. खेळाडूंनी पट्टीचं नाव चुगलखोर ठेवलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

पूर्वी डॉक्टर म्हणायचे, जपून खेळा. जपून म्हणजे नेमकं किती, ते कोणालाच ठाऊक नसायचं, म्हणून सगळेच जपायचे. कोच जपायचा, मालक जपायचा, समोरचा संघसुद्धा म्हाताऱ्या खेळाडूला जरा सांभाळून धक्का द्यायचा. आकडा आला आणि जपायचं कारणच संपलं. जे मोजता येतं ते पुरवून वापरता येतं, आणि पुरतं वापरून टाकताही येतं. ज्या बाईनं हे यंत्र बनवलं तिला एवढी साधी गोष्ट दिसली नाही, हे लिहिताना मला आज लाज वाटते.

नियमानं खेळाडूला स्वतःचा आकडा विचारायचा हक्क होता. प्रज्वलनं तो कधीच वापरला नाही. पहिल्या दिवशी पट्टी बांधून घेतानाच तो म्हणाला होता, "मले आकडा सांगू नको केतू. थांबायची वेळ आली का फक्त थांब म्हण. मी थांबतो."

मी हो म्हटलं होतं. तेव्हा त्याचा आकडा नऊ हजारांच्या वर होता, हो म्हणायला काय लागतं?

बुधवारी सकाळी बैठक बसली. संघाचे व्यवस्थापक अभिजात मोघे पुण्याचे. त्यांचं मराठी इस्त्री करून घडी घातल्यासारखं, आणि माणूसही तसाच, कुठे सुरकुती नाही. वाईट मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी पडद्यावर तीन ओळी दाखवल्या. मोसमाचे अठरा सामने बाकी. प्रज्वल एका सामन्यात साधारण चाळीस उड्या मारतो. म्हणजे सोळाव्या सामन्यात कंडरा जाणार. आपण सातव्या क्रमांकावर आहोत, बाद फेरीत जाण्याची शक्यता धूसर आहे. इंदूरच्या संघाला शेवटच्या टप्प्यासाठी अनुभवी सेंटर हवा आहे आणि त्याच्या बदल्यात ते बावीस वर्षांचा चांगला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत नेणारा खेळाडू, द्यायला तयार आहेत. खेळाडूंच्या देवघेवीची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपते.

आमचे कोच तांबोळी सर ऐकता ऐकता लालबुंद झाले होते. प्रज्वल उड्या किती मारतो ते यंत्र सांगेल, पण तो कोर्टवर असला की बाकीचे चौघे आपापल्या जागी उभे राहतात, हे यंत्र कुठे मोजतं, असं त्यांनी विचारलं. तो बचावात सतत ओरडत असतो, याला डावीकडे सरक, त्याला हात वर कर. तो बाहेर बसला की चौघे चार दिशांना तोंड करून उभे. चौदा वर्षांच्या माणसाला कपाट हलवावं तसं हलवू नका, असं ते म्हणाले. मोघेंनी शांतपणे मान डोलावली आणि विचारलं की सोळाव्या सामन्यात त्याला स्ट्रेचरवरून नेताना तांबोळी सर पुढे उभे राहणार की मागे.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मोघे म्हणाले, "विज्ञान काय म्हणतं, मॅडम?"

"विज्ञान फक्त मोजतं. म्हणत काही नाही."

उत्तर मला तेव्हा बाणेदार वाटलं होतं. खरं तर मी अंग काढून घेत होते.

इंदूरनं लेखी योजना पाठवली होती. सामन्यात फक्त आठ मिनिटं, जास्तीत जास्त पंधरा उड्या. मी ती घरी नेली, तीनदा तपासली. अठरा सामने आणि वर बाद फेरी धरली तरी मोसमाअखेर त्याच्या टाचेत सव्वादोनशेच्या वर उड्या उरत होत्या. तेवढा दोर शाबूत राहिला तर माणूस स्वतःच्या पायानं मैदानाबाहेर येतो, म्हातारपणी जिने चढतो. नागपुरात हे होणं शक्य नव्हतं. इथे प्रेक्षक त्याच्या नावानं ओरडायचे आणि तो चाळीसच्या जागी पन्नास उड्या मारायचा. म्हणजे इंदूरला पाठवलं तर तो वाचत होता. कागदावर तरी वाचत होता.

अडचण एकच होती. दहा वर्षं एका संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येत नाही, असा लीगचा नियम आहे. पूर्वी इंग्रजी करारांवर सह्या घेऊन खेळाडूंना फसवल्याचे प्रकार झाले, तेव्हा त्यांच्या संघटनेनं भांडून आणखी एक गोष्ट मिळवली. ही संमती खेळाडूच्या मातृभाषेत, तोंडी घ्यायची. लीगचा प्रोग्रॅम प्रश्न वाचतो, खेळाडू हो किंवा नाही म्हणतो. शेजारी संघाचा एक माणूस बसतो, त्यानं कागद समजावून द्यायचा. दिलेली संमती खेळाडूला मुदत संपेपर्यंत मागे घेता येते आणि शेजारी बसलेल्यालाही हरकत नोंदवता येते.

त्या कागदाचं मराठी भाषांतर माझं. दोन वर्षांपूर्वी मोघेंनी विनंती केली म्हणून मी ते एका रविवारी बसून केलं होतं. मुख्य शब्दाशी अडले. विक्री म्हटलं तर बैलबाजार डोळ्यांसमोर येतो. अदलाबदल म्हटलं तर जुन्या साड्यांवर भांडी देणारी बाई. मी बराच विचार करून बदली लिहिलं. सरकारी नोकराची होते तशी बदली, सभ्य, कोणाचा अपमान न करणारा शब्द. मोघेंनी त्याचं कौतुकही केलं होतं. ज्यांच्यासाठी तो कागद होता ती मुलं लहानपणापासून बदली हा शब्द एकाच अर्थानं वापरत आली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. मीही त्याच कोर्टवर वाढलेली असून आलं नाही. आमच्याकडे बदली म्हणजे बाकावर बसून राहणारा, कोणी दमलं की आत जाणारा खेळाडू.

शुक्रवारी सकाळी सरावानंतर प्रज्वल पायाला बर्फ लावून बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याला मी थांब म्हणायला हवं होतं. तसं ठरलं होतं, आणि मी म्हटलं असतं तर तो थांबला असता याबद्दल मला शंका नाही. पण त्या एका शब्दानं त्याची चौदा वर्षं संपणार होती आणि तो माझ्या तोंडून निघेना. म्हणून मी त्यातल्या त्यात हलका पर्याय शोधला. सुरुवातीच्या पाचांत उतरू नकोस, बदली म्हणून ये, दहा मिनिटं खेळ, असं मी त्याला विनवलं. गेली दोन वर्षं तांबोळी सरही हेच सांगत होते आणि तो दोन वर्षं नाहीच म्हणत होता. त्या दिवशी तो फक्त हसला. विचार करतो, म्हणाला.

दुपारी बारा वाजता मोघेंचा फोन आला. इंदूरनं होकार कळवला होता, प्रज्वलला मोघेंनी संमतीच्या खोलीत बोलावलं होतं आणि कागद समजावायला मीच बसायचं होतं. मी म्हटलं, त्याला सांगितलंय का? ते म्हणाले, बदलीचा कागद आहे एवढं सांगितलंय, बाकी तुम्ही सांगालच, तुमचं ऐकतो तो.

मी पोचले तेव्हा प्रज्वल आधीच खुर्चीत बसला होता. गुडघे टेबलाखाली मावत नव्हते म्हणून आडवा वळलेला. मला पाहून म्हणाला की आजकाल बाकावर बसायलाही कागद लागतो वाटते. मी तोंड उघडणार तोच प्रोग्रॅमचा आवाज सुरू झाला. माझेच शब्द एक अनोळखी बाई गोड आवाजात वाचत होती. "आपल्या संमतीवाचून आपली बदली करता येणार नाही. आपल्याला बदली मंजूर आहे का?"

"हाव, मंजूर आहे," प्रज्वल म्हणाला. "केतू म्हणते तं मंजूर."

"कृपया हो किंवा नाही एवढंच सांगा."

"हो."

नोंद झाली. तो उठला, माझ्या डोक्यावर आपला पंजा ठेवून म्हणाला, "आता खूश? बसतो बाकावर. पोट्ट्यांले पाणी देतो." आणि शीळ वाजवत निघून गेला.

मला त्याच क्षणी समजलं होतं. पुढे मी स्वतःलाही बरंच काही सांगून पाहिलं, म्हणून हे स्पष्ट लिहिते. त्याला काय वाटलं ते मला समजलं होतं, आणि सहा वाजायला साडेपाच तास होते.

ते साडेपाच तास मी प्रयोगशाळेत बसून काढले. एकदा मी हरकतीचं पान उघडलं, कारणाच्या रकान्यात "भाषांतरातील संदिग्धता" असं टाइप केलं आणि खोडलं. मी स्वतःला समजावत होते की मी त्याचा पाय वाचवतेय. समजावून सांगायला गेले तर तो इंदूरला नाही म्हणणार, इथे खेळणार, सोळाव्या सामन्यात कोसळणार. चार महिन्यांनी तो स्वतःच्या पायावर चालत माझ्या दारात येईल तेव्हा मी सगळं सांगून टाकीन, आम्ही दोघं हसू. हे एक कारण. दुसरं कारण तितकं शोभिवंत नाही. माझ्या पट्टीनं तोवर दहा जणांचं तुटणं अचूक सांगितलं होतं, वाचवलं एकालाही नव्हतं. मला एक वाचलेला माणूस हवा होता, आणि तो प्रज्वल असावा असं वाटत होतं. सहा वाजले. पान आपोआप बंद झालं.

सव्वासहाला तो प्रयोगशाळेत आला. दारातून आत यायला त्याला नेहमी वाकावं लागायचं, त्या दिवशी आत आल्यावरही तो नीट सरळ झाला नाही. हातात फोन होता, त्यावर रविवारचं इंदूरचं तिकीट. त्यानं ते माझ्यासमोर धरलं आणि आवाज न चढवता विचारलं, "बदली म्हणजे हे होतं का?"

मी हो म्हटलं.

"मले समजलं नाई, हे तुले माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला समजलंय," मी म्हणाले. "तू लगेच हो म्हणालास, त्यामुळे माझा तसा समज झाला."

त्यानं फोन खाली घेतला. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून हसला. म्हणाला, मीच बावळट, कागद वाचायला पाहिजे होता, तू वाईट वाटून घेऊ नको. वर मलाच धीर दिला की इंदूर काय लांब नाही, शीतल आणि मुलगी सुट्टीत येतील. शीतल त्याची बायको, शाळेत गणित शिकवते. जाताना त्यानं पायातली पट्टी सोडून टेबलावर ठेवली. मी सांगितलं की पट्टी खेळाडूबरोबरच जाते, नियम आहे. त्यानं ती उचलून खिशात टाकली.

पट्टी इंदूरला गेली तरी तिची आकडेवारी माझ्याकडे येत राहिली. लीगमधल्या सगळ्याच पट्ट्यांची येते. अठराही सामन्यांत इंदूरनं शब्द पाळला. आठ मिनिटं, चौदा-पंधरा उड्या. मी रोज सकाळी चहा घेताना त्याचा आकडा बघायची आणि मला बरं वाटायचं. नागपूरचा संघ नवव्या क्रमांकावर घसरला, नव्या गार्डला कोणाशी बोलावं ते कळत नव्हतं, तांबोळी सर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. तरीही मला बरं वाटायचं. साखळी संपली तेव्हा प्रज्वलच्या टाचेत तीनशे सत्तर उड्या होत्या.

बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात तो छत्तीस मिनिटं खेळला. बावन्न उड्या. मला वाटलं, कोणी जखमी झालं असेल. दुसऱ्या सामन्यात एकोणपन्नास. मी इंदूरला फोन केला. त्यांचा आकडेवारीचा माणूस अत्यंत नम्र होता. माझ्या कामाचा तो चाहता होता, माझे सगळे लेख त्यानं वाचले होते. त्यानं मला समजावलं की प्रज्वलचा करार मोसमाबरोबरच संपतो, त्यानंतर उरलेल्या उड्यांचा कोणालाच उपयोग नाही. साखळीत त्या राखल्या त्या याच टप्प्यासाठी. बाद फेरीचे जास्तीत जास्त आठ सामने, तीनशे सत्तर उड्या, सामन्याला सेहेचाळीस. तुमचं यंत्र नसतं तर एवढा नेमका अंदाज आम्हाला बांधता आला नसता, असं तो म्हणाला, आणि त्यात टोमणा मुळीच नव्हता. खेळाडूची तयारी आहे का, असं मी विचारलं. हो, म्हणाला, लांजेवार सर कधी नाही म्हणत नाहीत.

मी प्रज्वलला फोन केला. त्यानं उचलला नाही. मी मेसेज टाकला, फक्त एक शब्द, थांब. दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पन्नास उड्या मारल्या.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. आकडा बावीस. मी घरी एकटीच टीव्हीसमोर बसले होते आणि मांडीवरच्या पडद्यावर प्रत्येक उडीला एकेक आकडा उतरत होता. तो सुंदर खेळत होता, हे सांगितलंच पाहिजे. इंदूरची मुलं त्याच्या ओरडण्यानं जागेवर उभी राहत होती, डावीकडे सरकत होती, हात वर करत होती. तिसऱ्या सत्रात तो चेंडू घ्यायला उडाला आणि चेंडू घेऊन खाली आला. मग त्यानं मागे वळून पाहिलं. कंडरा तुटली की सगळे असंच करतात, त्यांना वाटतं मागून कोणी लाथ मारली. त्यानं नीट पाहिलं, मागे दहा फुटांत कोणी नव्हतं. मग तो खाली बसला.

एकोणीस उड्या. माझं यंत्र तीन उड्यांनी चुकलं होतं. इतका अचूक अंदाज त्याआधी कधी आला नव्हता. सोमवारी सकाळी मला अभिनंदनाचे चार ईमेल आले. इंदूरनं तो सामना जिंकला.

मंगळवारी मी सकाळच्या बसनं इंदूरला गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला फोटो दाखवले, त्यांना वाटलं मी तज्ज्ञ म्हणून आलेय. तुटलेली कंडरा जोडायची तर दोन्ही टोकांना धड धागा लागतो. इथे दोन्ही टोकांचा पिंजून कापूस झाला होता. दुसरीकडची शीर काढून लावतील, तो चालेल, लंगडेल. धावणं नाही.

मी खोलीत शिरले तशी शीतल उठली. चहा आणते म्हणाली आणि गेली. मी निघेपर्यंत ती परत आली नाही.

प्रज्वल उशीवर पाय ठेवून पडला होता. पलंग आखूड होता, म्हणून पायथ्याशी एक स्टूल जोडलं होतं. त्यानं माझी विचारपूस केली, तांबोळी सरांच्या साखरेची चौकशी केली, बस कशी होती ते विचारलं. मी थोडा वेळ उत्तरं दिली. मग मला ते सहन होईना.

"पज्जू, त्या दिवशी तुले समजलं नव्हतं, हे मले माहीत होतं," मी म्हणाले. "तू बाकाचं समजून हो म्हटलं. मी तिथंच होती. सहा वाजेपर्यंत बोलू शकत होती. नाई बोलली."

तो छताकडे पाहत होता. "माहीत आहे," म्हणाला.

मला वाटलं, शीतलनं ओळखलं असेल, तिनं सांगितलं असेल. तसं नव्हतं. कपड्यांचं सामान बघणारे आमचे रमजानभाई त्याला त्याच दिवशी साडेचारला भेटले होते आणि बॅगा इंदूरच्या कोणत्या पत्त्यावर टाकायच्या म्हणून विचारत होते. तिथेच त्याला सगळं कळलं. मोघेंना फोन करून संमती मागे घ्यायला एक मिनिट पुरलं असतं.

"मग काहून नाई केला फोन?"

"तुझी वाट पाहून राहिलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आकडा केतूले माहीत आहे, मले नाई. तिले मी इथं पाहिजे असन तं ती करन फोन. नसन करत, तं मंग आपलं इथं काही उरलं नाई. दीड तास फोन हातात घेऊन बसलो. सहा वाजले, मंग तुझ्याकडं आलो. म्हटलं, तोंडावर तरी खरं सांगन." तो जरासा हसला. "तू पुस्तकातलं बोलली. खोटं बोलताना तू पुण्याची होतेस, लहानपणापासून."

इंदूरला गेल्यावर तिथल्या संघानं खेळ म्हटलं, तो खेळला. राखून ठेवायचं कोणासाठी, असं त्याला वाटलं होतं. माझा मेसेज त्यानं वाचला होता. थांबायला तेव्हा उशीर झाला होता असं नाही, पण माझं ऐकायची त्याला इच्छा उरली नव्हती. हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं, रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. मी रडले, माफी मागितली, तीच तीच वाक्यं पुन्हा बोलले. माझं बोलणं संपल्यावर त्यानं पांघरूण नीट केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुमची बस किती वाजता आहे?"

शीतल आत आली असेल असं वाटून मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"तुम्ही निघा आता, मॅडम," प्रज्वल म्हणाला. "उशीर झाला तर बस चुकेल."

एकोणतीस वर्षांत त्यानं मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी पर्स उचलली आणि निघाले.